पक्का घोडा

१९५७ च्या जूनमध्ये कुंदा दाणी दारव्ह्याच्या मुलींच्या शाळेत व्यायामाच्या बाई म्हणून रुजू झाल्या, तेव्हा त्यांच्या हातात पत्र्याची पेटी होती, गळ्यात शिट्टी होती आणि डोक्यात घोडा होता. घोडा म्हणजे व्यायामशाळेतला, लाकडी, चार पायांचा, वरून कातडी गादी ठोकलेला. अमरावतीला वर्षभराचा कोर्स करताना बाईंनी त्याच्यावरून पहिली उडी मारली होती आणि पलीकडे उतरल्या त्या अगदी वेगळ्याच होऊन, असं त्या स्वतःच सांगत. वडील यवतमाळच्या कोर्टात नाझर. मुलगी सव्वीस वर्षांची झाली तरी लग्नाचं नाव काढू देत नाही, याचा त्यांना घोर होता. बाईंना कसलाच घोर नव्हता. बायकांना आपल्याच शरीराची भीती वाटते आणि ती भीती एका उडीत जाते, एवढं त्यांचं साधं म्हणणं, आणि ते त्या भेटेल त्याला ऐकवत, ऐकणाऱ्याला हवं असो वा नसो.

शाळेत घोडा नव्हता. होत्या अठरा लेझिमी, त्यातल्या सहा मुक्या झालेल्या, आणि एक फाटका डफ. बाईंनी मोठ्या बाईंकडे घोडा मागितला. मोठ्या बाई म्हणाल्या, "दाणीबाई, पाऊस आला की चौथीतल्या मुली डोक्यावर पाट्या धरून बसतात. आधी कौलं होऊ द्या, मग तुमचा घोडा." 

पण दाणीबाई स्वस्थ बसणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी जिनिंगातून झाडलोटीतला कापूस आणवला, तो बारदानात भरून मुलींकडूनच दोन गाद्या शिवून घेतल्या. बळीराम सुताराने एक जाड फळी दिली, तिच्याखाली सायकलचे जुने टायर दुमडून ठोकले. ती फळी उसळी कमी आणि आवाज जास्त द्यायची. दोन पाय तिच्यावर पडले की धाडकन वाजे आणि शेजारच्या वर्गात भूगोल थांबे. मुलींसाठी परकराखाली घालायच्या गुडघ्यापर्यंतच्या चड्ड्या बाईंनी मांजरपाटाच्या बेतल्या. त्यावरून गावात महिनाभर कुजबुज चालली, चार मुली शाळेतून काढून घेतल्या गेल्या, त्यातल्या दोन परत आल्या. बाईंनी ती लढाई जिंकली असं म्हणायला हरकत नाही. फक्त एक लढाई जिंकलेला माणूस दुसरी लढताना जरा हात राखून लढतो, हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं नाही.

उडी शिकवायची त्यांची पद्धत मात्र नंबरी होती. पहिले पंधरा दिवस नुसतं उतरणं शिकवायच्या. बाकावरून खाली यायचं, गुडघे वाकवून, आवाज न करता. ज्या मुलीचा आवाज होई तिने पुन्हा चढायचं. मग फळी: एका पायाने उडायचं आणि फळीवर दोन्ही पाय एकदम आणायचे. निम्म्या मुलींचे पाय एकामागून एक पडत. बाई डोळे मिटून उभ्या राहत आणि नुसत्या आवाजावरून ओळखत. मग हात: घोड्यावर तळवे सपाट ठेवायचे आणि ढकलायचं. "टेकायचं नाही, ढकलायचं," हे त्या दिवसातून शंभरदा म्हणत.

आता ढकलायचं कशाला, तर घोडा नाही. मग घोडा व्हायचं मुलींनीच. एकीने आडवं उभं राहायचं, कमरेत वाकायचं, हात आपल्या गुडघ्यांवर रोवायचे, हनुवटी छातीला लावायची आणि पाठ पाटासारखी सपाट करायची. दुसरीने धावत येऊन त्या पाठीवर हात ठेवून पाय फाकवून पलीकडे जायचं. घोड्याला एकच नियम: हलायचं नाही. घोडा हलला तर उडी मारणारीचं तोंड फुटायचं.

सातवीत सत्यशीला मुनेश्वर नावाची मुलगी होती. आदल्या वर्षी दसऱ्याला तिचा बाप उकंडा नागपूरला जाऊन बौद्ध झाला होता. परत आल्यावर त्याने घरातले देव काढले आणि मुलीचं सखू हे नाव बदलून सत्यशीला ठेवलं. शाळेत येऊन रजिस्टरात ते नाव लिहिलं गेल्याचं त्याने स्वतः उभं राहून पाहिलं होतं. उकंडा जिनिंगात गठाणी उचलायचा. मुलीचा बांधा बापावर गेला होता. रुंद खांदे, बळकट पाय, आणि एकदा उभी राहिली की खांबासारखी.

वर्गातल्या मुली तिच्याशी भांडत नसत. तिच्याजवळ बसतही नसत. पाण्याच्या माठाशी तिला दुसरी कुणीतरी वरून पाणी ओतायची. कुंदाबाईंनी हे पहिल्या आठवड्यात पाहिलं आणि त्यांचं रक्त तापलं. भाषण द्यायचं त्यांनी टाळलं, कारण भाषणाने काही होत नाही हे त्यांना कळत होतं. मुली उडीपर्यंत आल्या त्या पहिल्याच दिवशी त्यांनी शिट्टी वाजवली, सत्यशीलेला मैदानाच्या मधोमध बोलावलं आणि म्हणाल्या, "वाक. आजचा घोडा तू."

ओळीतल्या मुली एकमेकींकडे पाहू लागल्या. सगळ्यात पुढे नलू होती, कापसाच्या अडत्याची मुलगी, वर्गातली सगळ्यात चपळ. बाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. नलू धावली, फळीवर दोन्ही पाय आणले, सत्यशीलेच्या पाठीवर तळवे ठेवले आणि पार गेली. मग दुसरी, मग तिसरी. एकवीस मुलींचे बेचाळीस हात त्या दिवशी त्या पाठीवर पडले. बाईंनी त्या रात्री वडिलांना पत्र लिहिलं की, शेकडो वर्षांचं काम मी पाऊण तासात केलं. अक्षर फार टपोरं आलं होतं.

उकंडाच्या कानावर ते गेलंच. दुसऱ्या दिवशीपासून तो कामावर जाताना तुराट्यांच्या कुंपणाशी घटकाभर थांबू लागला. नुसता उभा राहायचा, पाहायचा. एकदा बाईंना हात जोडून म्हणाला, "बाई, माह्या मायच्या सावलीचा लोकायले इटाळ होये. आन माह्या पोरीच्या पाठीवर अडत्याची पोरगी हात ठेवून राह्यली. म्या जित्तेपनी पाह्यलं." बाईंना भरून आलं. त्यांनी त्याला सांगितलं, तुमच्या मुलीला मी व्यायामाची बाई करणार. मॅट्रिक झाली की अमरावतीला कोर्सला पाठवणार. उकंडाने हे घरी जाऊन सांगितलं, आणि त्या घरात ते ठरून गेलं.

इथवर सगळं चांगलं होतं. बिघडलं ते पुढच्या वर्षी, श्रावणात, एका साध्या दिवशी. सत्यशीला सकाळपासून वाकून होती. बाई म्हणाल्या, "आता तू ऊठ. तुझी उडी पाहू. नलू, तू वाक."

सत्यशीला उठली, हात झटकले आणि धावायच्या रेघेवर जाऊन उभी राहिली. तिच्या तोंडावर जे हसू आलं होतं ते बाईंना पुढे कित्येक वर्षं आठवत राहिलं. नलू जागची हलली नाही.

"बाई, माझी पाठ दुखते."

नुकत्याच तिने सात उड्या मारल्या होत्या. बाईंनी दुसरीकडे पाहिलं. ती पायाच्या अंगठ्याने माती उकरत होती. तिसरीने वेणी पुढे घेतली. सगळ्यांना सगळं कळलं होतं, आणि सगळ्यात आधी कुंदाबाईंना. हात लावायला मुली तयार झाल्या होत्या. हात लावून घ्यायला, तिच्यापुढे वाकायला, तिने आपल्या डोक्यावरून पलीकडे जायला, एकही तयार नव्हती.

बाईंनी मनातल्या मनात भराभर विचार केला. जबरदस्ती केली तर नलूचा बाप तिला काढून घेईल. ती गेली की आठजणी जातील. चड्ड्यांचं प्रकरण आत्ता कुठे थंड झालंय. पुढच्या आठवड्यात पाहू. हे सगळं खरं होतं, आणि भित्र्या माणसाजवळ खरी कारणं नेहमीच असतात.

"बरं, राहू दे," बाई म्हणाल्या. आणि मग, सत्यशीलेला वाईट वाटू नये म्हणून, हसून म्हणाल्या, "सत्यशीला, तूच वाक बाई. तुझ्यासारखा पक्का घोडा यांच्यात कुणाचा होत नाही."

सत्यशीला रेघेवरून परत आली आणि वाकली. पुढचा आठवडा कधीच आला नाही. पक्का घोडा हे नाव मात्र शाळाभर झालं. बाई ते कौतुकाने घेत, मुलीही कौतुकानेच घेत, आणि कौतुकाला नाही कसं म्हणायचं हे त्या मुलीला कुणी शिकवलं नव्हतं. सत्यशीला बाकावरून उतरायची, फळीवर पाय आणायची, सगळं इतरांपेक्षा नेटकं करायची. फक्त उडी राहायची. आपण स्वतः वाकावं, हे बाईंना सुचलंच नाही. शिकवणारीने शिट्टी धरायची असते, असं त्या अमरावतीला शिकून आल्या होत्या.

१९६० साली यवतमाळच्या जिल्हा स्पर्धेत नलूने घोड्यावरच्या उडीत पहिला नंबर काढला. बक्षीस घेताना ती रडली. फोटोच्या वेळी बाई म्हणाल्या, "आपला घोडा कुठाय? ये गं, पुढे बस." सत्यशीला सगळ्यांच्या चपला सांभाळत बसली होती, ती येऊन पुढे बसली. तो फोटो शाळेच्या ऑफिसात लागला.

१९६२ च्या जानेवारीत शाळेला एकदाचा घोडा मिळाला. झरीकडच्या जंगलातलं सागवान, बळीरामाच्या हातचं काम, वर काथ्या भरलेली कातडी गादी. नलूचं तोवर लग्न होऊन गेलं होतं. सत्यशीला मॅट्रिकला होती. कोर्सचा अर्ज बाईंनीच भरला. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की प्रवेशाच्या वेळी मैदानावर चार गोष्टी करून दाखवाव्या लागतील, आणि चौथी घोड्यावरची उडी. तीत नापास झालं की प्रवेश नाही.

"आता तू मोकळी झालीस," बाई तिला म्हणाल्या. "ये, मार उडी."

सत्यशीला धावली. चांगली धावली. फळीवर दोन्ही पाय एकदम पडले, फळी धाडकन वाजली, आणि ती थांबली. गुडघे ताठ, खांदे आवळलेले, हनुवटी छातीला लागलेली. घोड्याच्या अलीकडे, फळीवर, घट्ट उभी.

"घाबरलीस का?"

"नाई, बाई."

"मग थांबलीस का?"

"मी नाई थांबली. अंगच थांबते."

बाईंनी पुन्हा धावायला लावलं. पुन्हा तेच. दहादा तेच. बाई तिच्या शेजारी उभ्या राहून पाहू लागल्या तेव्हा अकराव्या वेळी त्यांना समजलं. धावणारी पावलं आणि फळीचा आवाज, हे साडेचार वर्षं त्या मुलीने वाकून, मान खाली घालून ऐकलं होतं. फळी वाजली की अंग घट्ट करायचं, हलायचं नाही, नाहीतर कुणाचं तरी तोंड फुटेल. तेच तिने इतकं पक्कं केलं होतं की आता स्वतःच्या पायांखाली फळी वाजली तरी अंग तेच करत होतं. दिवसाला वीस उड्या धरल्या तरी हजारो वेळा बाईंनी तिला न हलणं शिकवलं होतं. उडी एकदाही शिकवली नव्हती.

मॅट्रिकचे पेपर झाल्यावर एप्रिल आणि मे, दोन महिने, उन्हं तापायच्या आत, बाई तिला मैदानावर घेऊन गेल्या. फळी काढून टाकली, तरी जमेना. कानात कापूस घातला, तरी पायांना कळायचंच. शेवटी बाई स्वतः वाकल्या. एकतीस वर्षांच्या बाई लुगड्याचा काचा मारून मैदानात घोडा झाल्या. पावलं आली, जवळ आली, आणि त्यांच्या पाठीवर दोन तळवे येऊन टेकले, इतके हलके की बाईंना वजन जाणवलं नाही.

"ढकल," बाई खालून म्हणाल्या.

"तुमाले लागन, बाई."

"लागू दे. ढकल."

तिने ढकललं नाही. ते वजन काय असतं हे तिच्याइतकं त्या मैदानावर कुणालाच ठाऊक नव्हतं. बाई तशाच वाकून राहिल्या, कारण वर पाहिलं असतं तर डोळ्यांतलं पाणी दिसलं असतं.

जूनमध्ये दोघी अमरावतीला गेल्या. उकंडाने बैलबाजारातून नवी चप्पल आणून मुलीला दिली होती. मॅट्रिकचा निकाल चांगला होता. धावणं, लेझीम, दोरीवर चढणं, तिन्हीत सत्यशीला पहिल्या पाचांत आली. मग घोडा. परीक्षक पांढऱ्या पाटलोणीतले, पिकल्या मिशांचे गृहस्थ होते, वाईट माणूस नव्हते. तीन संधी देऊ म्हणाले.

पहिल्या वेळी ती फळीवर थांबली. दुसऱ्या वेळी थांबली. तिसऱ्या वेळी ती जीव खाऊन धावली, आणि बाईंनी पदराचं टोक दातांत धरलं. फळी वाजली. सत्यशीला फळीवर उभी होती, हनुवटी छातीला.

परीक्षकांनी कागदावरून मान वर केली. "मुली, अर्जात तर लिहिलंय, शाळेत पाच वर्षं घोड्याचा सराव. काय केलंस तू पाच वर्षं?"

सत्यशीलेने सरळ त्यांच्याकडे पाहून सांगितलं, "मी घोडा होती, सर."

मैदानाच्या कडेला बसलेल्या मुली खळखळून हसल्या. परीक्षकही हसले. त्यांना वाटलं मुलगी विनोदी आहे, आणि अशा मुली त्यांना आवडतही असाव्यात. त्या वेळी कुंदाबाईंनी उठायला हवं होतं. हा विनोद नाही, ही माझी चूक आहे, हिला उडी मी शिकवली नाही, सहा महिने द्या, असं त्यांनी चारचौघांत म्हणायला हवं होतं. कदाचित परीक्षकांनी ऐकलं असतं. पण कडेला त्यांच्या स्वतःच्या कोर्सातल्या दोन मैत्रिणी बसल्या होत्या, आणि अर्जातलं ते वाक्य बाईंनी स्वतःच लिहिलं होतं. त्या उठल्या नाहीत. परीक्षकांनी पुढचं नाव पुकारलं.

त्यानंतर कुंदाबाईंनी अठ्ठावीस वर्षं नोकरी केली. त्यांच्या तासाला लाकडी घोडा असूनही प्रत्येक मुलगी आळीपाळीने वाकायची, कुणीही कुणापुढेही. पाठ दुखते म्हणणारीला त्या घरी पाठवायच्या, मग बाप येऊन कितीही आरडाओरडा करो. मोठ्या बाई झाल्यावर त्यांनी ऑफिसातला तो फोटो काढून घरी नेला आणि पेटीत उलटा ठेवला. लोक म्हणत, दाणीबाई फार कडक. सत्यशीला त्या परीक्षेच्याच साली नेरकडच्या एका गावात दिली गेली. तिच्या मुलांच्या शाळेच्या चौकशीची पत्रं बाई लिहीत, तिची उत्तरं येत, दोन ओळींची, व्यवस्थित. हे सगळं पुढचं.

त्या दिवशी मात्र दोघी परतीच्या वाटेवर गाडी बदलायला नेरच्या स्टँडवर उतरल्या होत्या. दारव्ह्याची गाडी यायला वेळ होता. बाईंनी चहा सांगितला, तो तसाच पुढ्यात राहिला. सत्यशीला नव्या चपला काढून पाय बाकावर घेऊन बसली होती. ती रडली नव्हती, आणि बाईंना तेच सोसवत नव्हतं.

"माझं चुकलं," बाई म्हणाल्या. "आज नाही, फार आधी. नलू पाठ दुखते म्हणाली ना, श्रावणात, तेव्हाच. तिची पाठ दुखत नव्हती. मला त्याच वेळी कळलं होतं, सत्यशीला. कळूनही मी तुला वाकायला सांगितलं."

"मले बी कळलं होतं, बाई."

इतकी वर्षं बाई धरून चालल्या होत्या की निदान मुलीला तरी काही कळलं नसेल.

"मग बोलली का नाहीस गं? एकदा तरी बोलायचंस मला."

सत्यशीलेने बाकावरचे पाय खाली घेऊन चपला घातल्या. मग बाईंना जपून सांगावं तसं हळू म्हणाली,

"तुमी बोलसान म्हून वाट पाह्यली."